एकदाच ऐकवलं जाईल

डिसेंबरात एका मार्काने गेले.
ऐकण्यात एकोणीस लागतात, मला अठरा.
व्याकरण उत्तम, कांजी तर विचारूच नका,
कान तेवढे नापास.

केळुसकर सेन्सेई हसल्या नाहीत, हे विशेष.
चष्मा पुसत म्हणाल्या, "भोइटे-सान,
एक शब्द निसटला की तुम्ही त्याच्यामागे बोळात शिरता.
तोवर तीन वाक्यं हमरस्त्याने निघून जातात.
सुटलेला सोडायचा."

तेवढंच जमत नाही मला.

मग सराव. खोलीत पंखा बंद करून नाही, ही सक्त ताकीद:
हॉलमध्ये एकच स्पीकर असतो, टेबलावर,
आणि मागच्या बाकावर कुणाला तरी नेमका तेव्हाच खोकला येतो.
म्हणून मी नळस्टॉपला.
वर मेट्रो, मध्ये उड्डाणपूल, खाली मी आणि कटिंग,
आणि कानात टोकियोतलं कुठलंसं ऑफिस.
बाई विचारते: हा माणूस आता सगळ्यात आधी काय करणार?
तो म्हणतो, प्रती काढतो.
त्या झाल्यात, ती म्हणते.
मग खोली ठरवतो? ती कालच ठरवली.
फोन लावू? नको, त्यांची जेवायची वेळ.
संभाषण संपतं,
मी अजून प्रतींवरच,
पेन्सिल पहिल्या गोलावर टेकवून.

क्रियापद शेवटी येतं, नकार त्याच्याही शेवटी.
"येईन" ऐकून जो उठला
त्याला "असं वाटत नाही" ऐकूच येत नाही.
"अहो, मराठीत काय वेगळं आहे?" सेन्सेई म्हणतात.
"इतकी वर्षं काय ऐकत होतात?"

त्यांनी शिकवलं, "जरा..." म्हणून आवाज हवेत सोडला
तर तो नकार समजायचा.
हे मात्र मला शिकवावं लागलं नाही.
चार वर्षं पुण्यात भाड्याची खोली शोधलीय.
"बघू हं, कळवते"
या तीन शब्दांचं भाषांतर मी झोपेतही करीन.

आणखी एक: समोरचा बोलत असताना मध्ये मध्ये "हाय, हाय" म्हणायचं.
तो होकार नव्हे.
ऐकतेय, इतकंच.

रविवारी फलटणहून आईचा फोन.
"काही नाही गं, सहज."
सवयीने मी वहीचा कोपरा पुढे ओढला
आणि लिहीत गेले:
पाणी दिवसाआड.
शेवगा लागलाय.
मन्याच्या गाडीचा हप्ता.
जाधवकाकूंचा गुडघा, डावा.
सगळी चुकीची उत्तरं, दिसायला बरोबर.
मग "ठेवते" म्हणायच्या जरा आधी
आवाज एक पायरी उतरला.
"अगं हो..."

"अगं हो" आलं की पाठ ताठ करायची.
पुढच्याच ओळीत असतं.

"मागची खोली भाड्याने दिली.
दोन मुलं आहेत कॉलेजची, सभ्य.
तुझी पुस्तकं माळ्यावर टाकलीत, गोणीत, नीट बांधून.
तू काय आता..."

क्रियापद आलंच नाही.

भाग पाचवा.
या भागात कागदावर काही छापलेलं नसतं.
समोरचा एक वाक्य बोलतो,
तिनांतून एक उत्तर, लगेच:
एक, बरं केलंस.
दोन, मला विचारायचं तरी.
तीन, गोणीला उंदीर लागतील, आई, डबा घे पत्र्याचा.

मागे नेऊन पुन्हा लावता येत नाही.
खालून कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गेली,
तिचा एकन् एक शब्द मला स्पष्ट ऐकू आला.

"हं," मी म्हणाले.
"हं. हं."

पलीकडे बांगड्या किणकिणल्या,
तिने फोन दुसऱ्या कानाला लावला असावा.
"ऐकतेयस ना?"