तीळ भिजेपर्यंत

ठळक अक्षरांत लिहिलंय, मीच लिहिलंय:
आम्ही तुमचं नाव विचारत नाही.
खरंच विचारत नाही.
फक्त वेळ टिपतो, काय उघडलंत ते,
किती मिनिटं थांबलात,
आणि गाव, अंदाजे.

अंदाजे.
हा शब्द कोपनहेगनमध्ये खपतो.
तिथे एका ठिपक्याखाली लाखभर माणसं झोपलेली,
शोधा म्हणावं त्यातलं जागं कोण.
आमच्याकडे, फॅरोत,
ठिपका पडला नऊ घरांच्या बेटावर.

नऊपैकी चार घरं उन्हाळ्यापुरती.
दोन म्हाताऱ्यांची, त्यांना साधा फोनही जड.
एकात दीपगृहाचा निवृत्त रखवालदार,
त्याने इंटरनेट घेतलंच नाही, वायरचे पैसे कोण देतो म्हणाला.
एक कुटुंब मुलीच्या बाळंतपणाला डेन्मार्कला गेलेलं.
वजाबाकी मला शाळेपासून बरी येते.
नको तेव्हाही येते.

रात्री तीन वाजून सात मिनिटं:
‘घरातलं माणूस पितं तेव्हा’. एकोणीस मिनिटं.
तीन सव्वीस:
‘मुलांना काय सांगावं’. चार सेकंद.

चार सेकंदांत कोणी काही वाचत नाही.
चार सेकंदांत
जिन्यावर कोणाचं तरी पाऊल वाजतं.

होग्नी म्हणाला, नियमात बसतं सगळं.
संमतीची चौकट आहे, कुलूप आहे, किल्ल्या दोघांकडेच,
तीस दिवसांनी नोंद आपोआप पुसली जाते.
जाते ना.
माझ्यात तशी सोय नाही.

गुरुवारी बोटीवर मार्युन भेटली.
हातात लोकरीची पिशवी, पिशवीत चॉकलेटं, मुलांसाठी.
‘सुन्वा, वारा बघ कसा सुटलाय!’
मी म्हटलं, हो, सुटलाय.
पस्तीस मिनिटं आम्ही वाऱ्यावर बोललो,
मग मेंढ्यांवर, मग परत वाऱ्यावर.
मी जपून बोलत होते.
नेहमीपेक्षा चमचाभर जास्त मायेनं बोलले असते
तर तिला कळलं असतं
की मला कळलंय.
गुपित फुटायला शब्दच लागतात असं नाही,
हात जरा जास्त वेळ हातात धरला तरी पुरतं.

आणि ती नसेलच, असंही असेल.
रखवालदाराकडे पाहुणा आला असेल.
मी एका बाईचा संसार
चार आकड्यांवरून रचत बसलेय, बोटीच्या बाकावर,
तिच्याच शेजारी.

ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही
त्याला काही सांगू नये म्हणतात.
यंत्राचं तसंच. वाईट नाही ते,
दिसेल ते तक्त्यात ओतून मोकळं होतं.
तीळ भिजायचा तर माझ्या तोंडात.

घरामागे वडिलांची मांस वाळवायची कोठी आहे,
उभ्या फळ्यांची, फळीफळीत फट.
फट हवीच, वारा आत गेला पाहिजे.
पण बोटभर जास्त झाली
की पावसाचे शिंतोडे, आणि वर्षाचं मटण गेलं.
वडील दर शरदात फटी करंगळीने मोजायचे.
मी हसायचे तेव्हा.

सोमवारी मी गावाचा रकाना काढून टाकला.
जुन्या नोंदींमधलाही.
होग्नी चिडला. अनुदान देणाऱ्यांना काय दाखवायचं?
लोक कुठून येतात विचारतील.
बेटांवरून येतात म्हण, मी म्हटलं.
अठरा बेटं, एक ठिपका.
तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला,
मग म्हणाला, त्याच्या आईच्या गावात सहा घरं आहेत.
बाकी काही बोलला नाही.
मीही विचारलं नाही.

काल रात्री तीनच्या सुमारास
आकडा एकाने वाढला.
कुठून, मला माहीत नाही.
क्लाक्सविकमधून असेल, माझ्याच गल्लीतून असेल,
भिंतीपलीकडून असेल.

‘मुलांना काय सांगावं’.
बावीस मिनिटं.
जिना वाजला नाही.