नावाखालची ओळ

मार्च संपायच्या आत बोर्ड लागायला हवा
आणि नावाखाली एक ओळ हवी,
म्हणून मला जुन्या मंगळवारीत बोलावलेलं.
तीन हजार. त्यातले एक रोख.

वही उघडून शिकवल्याप्रमाणे विचारलं:
तुमच्यात असं काय आहे
जे या गल्लीतल्या बाकी नऊ कूलरवाल्यांत नाही?

वसंता हेडाऊ पत्रा वाकवत होता.
"काई नाई जी. पत्रा तोच, मोटर तेच,
गवत तं एकाच ट्रकमधून उतरते."
हातोडा थांबला नाही.

व्हॅल्यू प्रपोझिशनच्या रकान्यात
मी 'प्रामाणिकपणा' लिहिलं आणि खोडलं.
तो शब्द समोरच्या दुकानावर होता,
पिवळ्या रंगात, पहिली वेलांटी दुसरी करून.

मग घरून आणलेल्या ओळी वाचल्या.
'नागपूरचा उन्हाळा, हेडाऊंचा हिवाळा.'
'थंडावा, तीन पिढ्यांचा.'
"दोनच झाल्या," तो म्हणाला.
"तिसरी पुण्याले आहे. एसीत."

मागे इंदूबाई नंदनवार जाळीत गवत भरत होत्या,
नखं गवताच्याच रंगाची.
"लिहा ना," त्या म्हणाल्या, "लय आवाज करते म्हणून."
मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"एक खोली अन् सात जणं, बाई.
लगन होऊन आली तवा मे मैना होता.
कूलर घुरघुर लागला का मंग आमी दोघं बोलत होतो.
रडाचं राहिलं तरी तवाच.
पानी आलं का कूलर बंद.
मंग आठ मैने मुक्की."

आमच्या घरी बाबा जूनमध्ये
कूलरवर जुनी चादर टाकायचे.
त्या रात्री मला झोप यायची नाही.
सगळं ऐकू यायचं: नळ, पाल,
भिंतीपलीकडचं कुजबुजणं.
एका वर्षी ते माझ्या फीचं होतं.

वही भरली, ओळ होईना.
पेंटर अक्षरामागे बारा रुपये घेत होता
आणि संध्याकाळी त्याला कामठीला लग्न होतं.
शेवटी दिली:
आवाजाची गॅरंटी.
वसंतानं अक्षरं मोजली. "चालते."

एप्रिलमध्ये सहज गेले.
बेचाळीसच्या उन्हात एक जोडपं विचारत होतं,
"आवाज नाही ना करणार?"
वसंतानं बोट वर केलं, बोर्डाकडे.
दोघांनी वाचलं, मान डोलावली, पैसे मोजले.

इंदूबाईंना वाचता येत नाही.
पेंटरकडून त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं होतं म्हणे,
आणि दुसऱ्यांदा पदर तोंडाला लावला होता.
त्या नव्या मुलीच्या कूलरची जाळी
त्या स्वतः बसवत होत्या,
एक स्क्रू जरा सैल ठेवून.

माझे दोन हजार अजून यायचेत.