उलटा हात

सेव-उसळीच्या दुकानावर, पहिल्या माळ्यावर,
निर्झरीबेन माझ्या डाव्या हातावर दोन चिकट चौकोन लावते
आणि विचारते, काका, बीक तो नथी लागती ने?
भीती कसली.
एकतीस वर्षं वीज मंडळात काढली,
छाणीपासून मकरपुऱ्यापर्यंतचे खांब
या बोटांना ओळखतात.
बोटं आता कुणाला ओळखत नाहीत, एवढंच.

डॉक्टर म्हणाले होते, मेंदूतला फ्यूज उडाला समजा.
मी तिरक्या तोंडानं म्हटलं, फ्यूज नाही साहेब,
फ्यूज काय, कुणीही घालतं.
ही जमिनीखालची केबल गेलीय
आणि ती कुठून कुठे टाकली होती
तो नकाशा दप्तरात नाही.
ते हसले. निम्मं कळलंच नसावं त्यांना,
तेव्हा माझे शब्द लाळेत भिजून यायचे.

मशीन जुन्या ट्रान्झिस्टरएवढं.
ती बटण फिरवते, आठ, दहा, बारा.
आधी मुंग्या. मग कातडीखालून काहीतरी चालत येतं
आणि पाच महिन्यांची बंद मूठ
मनगटातून वर उठते, बोटं सुटतात,
करंगळी सगळ्यात शेवटी, नाखुशीनं.
मी पाहत राहतो.
मी तर काहीच केलं नव्हतं.

रायसिंगभाईची मूठ मी उघडायला गेलो होतो.
सत्त्याऐंशीचा उन्हाळा, वाघोडियाच्या रस्त्यावर.
परमिट घेतलं होतं, लाइन बंद होती,
कुणाच्या तरी जनरेटरनं ती मागून भरली.
तार माणसाला धरते, असं लोक म्हणतात.
तार धरत नाही.
करंट मूठ मिटवतो आणि माणसाला ती उघडता येत नाही.
लाकडी दांडक्यानं सोडवला त्याला.
खाली उतरवला तेव्हा मूठ तशीच,
त्याच्या बायकोनं पाहिली तेव्हाही तशीच.

त्यानंतर नव्या पोरांना पहिलं हेच सांगायचो,
खात्री झाली तरी तळवा लावायचा नाही.
उलट्या हातानं शिवा.
झटका बसला तर हात आपल्याकडे येईल,
तारेकडे जाणार नाही.

आणि हे चौकोन नेमके तिथेच,
हाताच्या उलट्या बाजूला.
निर्झरीबेनला हे सगळं सांगितलं.
ती म्हणाली, वातो पछी, काका.
करंट येईल तेव्हा तुम्ही पण उघडायचं,
नुसतं बघत नाही बसायचं.

म्हणून आता आम्ही दोघं उघडतो, तो आणि मी.
कुणाचं किती, याला मीटर नाही.
मग टेबलावर टॉवेल पुढे ढकलायचा, तीस वेळा.
या वाटीतले वाल त्या वाटीत.
सतरा गेले, अठरावा घरंगळून कपाटाखाली.
परवा दोरीवर चिमटा लावला आणि तो लागून राहिला,
मी जिन्यापर्यंत जाता जाता
दोनदा वळून पाहिलं.
कधी कधी मात्र काहीच होत नाही.
त्या दिवशी खालून तर्रीचा ठसका वर येतो
आणि मला सगळ्यांचा राग येतो,
वालांचासुद्धा.

आज चौकोन ओढून काढताना दोन केस उपटले.
आई गं, म्हणालो.
ती थांबली. दुख्युं?
दुखलं.
तिनं वहीत लिहून घेतलं, तारखेसकट.

घरी कुमुद पडून होती, अंग कसकसतंय म्हणाली.
उजव्या हातानं डावा कोपरातून उचलला,
शेवटची वीतभर तो आपला आपण गेला.
मूठ उघडली नाही, पण ती उघडायची गरजही नव्हती,
कपाळाला उलटाच हात लावतात.
गरम की गार, मला नीट कळेना.
ती डोळे मिटूनच म्हणाली, आहे का?
आहे, म्हटलं,
आणि हात काढायची घाई केली नाही.