तीन रकाने

जीवाजीगंजातल्या माझ्या खोलीत
संध्याकाळी सहा ते साडेसात क्रियापदं असतात.
वही आडवी धरायची, पट्टीनं तीन रकाने.
गो, वेन्ट, गॉन.
ब्रिंग, ब्रॉट, ब्रॉट.
पोरं पाढे म्हटल्यासारखी डोलतात
आणि दर वर्षी कुणीतरी विचारतंच,
"मॅडम, गोएड क्यों नहीं?"

मी सांगते, रोजच्या वापरातली भांडीच पोचे खातात.
माळ्यावरचं घंगाळ बघा,
वर्षातून एकदा निघतं आणि मुकाट नियम पाळतं.
आपलं तरी कुठे सरळ आहे?
जा चं गेला. ये चं आला. कर चं केलं.
मर चं
तिथं मी फळा पुसायला घेतला,
कारण दुसऱ्या बाकावर आदेश बगाडे होता,
तेरा दिवसांनी आलेला,
टोपी कानांवर ओढून.

गृहपाठ सगळ्यांना एकच:
घरातल्या कुणाहीविषयी पाच वाक्यं.
काळ तुमचा तुम्ही निवडा,
वर्तमानात एस विसरलात तर मार्क कापीन.

त्यानं लिहिलं:
माय फादर कट द क्लॉथ.
ही पुट द चॉक बिहाइंड हिज इअर.
ही सेट द कॉलर ट्वाइस.
ही लेट मी होल्ड द टेप.
ही शट द शॉप ॲट नाइन.

लाल पेनाचं टोपण काढून मी बसून राहिले.
एस कुठेच नाही.
वर्तमान असेल तर पाचही चूक,
भूतकाळ असेल तर पाचही बरोबर.

मीच वाटलेला तक्ता काढला, पान चार,
अगदी तळाशी, झेरॉक्समध्ये फिकट झालेली ती हट्टी मंडळी:
कट कट कट. पुट पुट पुट.
तिन्ही रकान्यांत जशीच्या तशी.
त्याच्या प्रतीवर नेमक्या त्यांच्यापाशी
पेन्सिलीचे ठिपके होते, खोडून पुन्हा दिलेले.
आणि शिंप्याच्या मुलाच्या पाच वाक्यांत
शिवणं नव्हतं.
स्टिच साधं क्रियापद आहे,
लगेच मागे शेपूट लावून घेतं.

विचारता आलं असतं, कोणता काळ रे?
पाचपैकी पाच दिले.
वही घेताना त्यानं मार्क बघितलेच नाहीत.

माझ्या पर्समध्ये एक पावती आहे,
बगाडे टेलर्स, पाटणकर बाजार,
दोन ब्लाउज, अस्तरासह, तयार गुरुवारी.
कोणत्या गुरुवारी
ते लिहिलेलं नाही.