चाळीस बार

शुक्रवारी संध्याकाळी नटुभाई सोलंकी
मकरपुऱ्याहून आलेला सिलिंडर
तिरपा करून बुडावर गोल फिरवत आणतात,
भिंतीच्या साखळीत अडकवतात,
आणि वर्षानुवर्षं तेच एक वाक्य:
‘बेन, आने वास नथी.’
माहीत आहे, नटुभाई.
नवव्या वर्षापासून माहीत आहे,
फक्त नाव उशिरा कळलं.

पॅलेडियम आम्हाला परवडत नाही.
एक ग्रॅम मागवलं तरी
अकाउंट्सचे चिटणीस चष्मा काढून बघतात.
म्हणून तांबं.
क्युप्रस क्लोराइड, चिमूटभर,
पांढरं आहे तोवर वापरायचं,
हवा लागून हिरवं पडलं की गेलं.
आयोडाइड, अमाइन, थोडा बेस,
वर पोलादी झाकण, सहा बोल्ट,
समोरासमोरचे जोडीने आवळत जायचे,
बाबा स्कूटरचं चाक बसवताना आवळायचे तसे.
मग कार्बन मोनॉक्साइड.
काटा चढतो: दहा, पंचवीस, चाळीस.
ऐंशी अंश. रात्रभर.

दांडिया बाजारातल्या भाड्याच्या दोन खोल्या,
आणि न्हाणीघर एवढंसं
की बंब आत घेतला तर माणसाने अंग चोरावं.
तांब्याचा बंब. चिंचेने घासला की
त्यात माझं तोंड रुंद दिसायचं.
उत्तरायणाच्या सकाळी
वत्सूआत्या न्हायला गेली.
वारा झोंबतो म्हणून झरोक्यात पोतं कोंबलेलं,
बंबात कोळसे फुललेले,
कडी आतून.
सगळं गाव गच्चीवर मांजा ओढत होतं.
एक तांब्या पडला असणार.
‘काई पो छे’च्या गलक्यात
कुणाला ऐकू येतोय.

दार फोडलं तेव्हा
तिचे गाल गुलाबी होते.
बायका म्हणाल्या, झोपलीय जणू,
काय तजेला आहे बघा चेहऱ्यावर.
डॉक्टरांनी हृदय लिहिलं.
बाबांनी तिसऱ्या दिवशी
बंब वजनावर विकून टाकला,
जसं काही तांब्यानेच केलं.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी, दुपारच्या तासाला,
पेंगत फळ्यावर वाचलं:
रक्तातलं लोह या वायूला
ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट धरतं.
त्वचा चेरीसारखी लाल.
मी वही मिटली.
बाकीच्यांनी उतरवून घेतलं.

लोह धरून बसतं.
तांबं धरतं, पुढच्याच्या हाती देतं, सोडतं.
फरक एवढाच,
आणि त्यावर माझी पाच वर्षांची फेलोशिप.

सकाळी हुडखाली व्हॉल्व्ह उघडते, केसभर.
उरलेला फुस्स करत धुराड्यातून वर जातो,
कबुतरं उठतात.
खिशावरचा डिटेक्टर: बारा. सात. तीन.
शून्य.
तरी थांबते.
नटुभाई म्हणतात, चा ठंडी थई जशे.
होऊ दे.
पुन्हा शून्य.
मग बोल्ट, समोरासमोरचे.

आयआरच्या कागदावर
सोळाशे पन्नासला खोल दरी.
मोकळा असता तर एकवीसशेच्या वर दिसला असता.
आता नायट्रोजनला लागून बसलाय,
कुणाचं काही वाकडं न करता.
पांढरे स्फटिक. खरवडले की
काचेवर साखरेसारखे वाजतात.
उतारा एकाहत्तर टक्के.

बाटलीवर चिठ्ठी लावते: व-आ, सत्तेचाळीस.
सर विचारतात, हे कशाचं लघुरूप?
सिरीजचं, सांगते,
आणि जाताना खिडकी
आणखी थोडी ढकलते.