कूलरांसाठी जागा

सुगत म्हणतो, आत्या, आधी थीम निवड.
थीम म्हणजे भिंत.
भिंतीवर आधीच कुणीतरी टांगलेलं:
बर्फात उभी एक मुलगी, लाल टोपी,
खाली तिरक्या अक्षरांत कसलंसं परकं नाव.
बाहेर शेहेचाळीस पूर्णांक आठ,
नवतप्याचा चौथा दिवस,
इंदोऱ्यात आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा
नालीवरच्या फरशीखाली गेलेली.

ही पोरगी काढता येते का रे?
तुझा फोटो टाकला की जाते.
टाकला.
रेवताबाई रामटेकेंच्या खिडकीतला कूलर,
पत्र्याचे पोपडे निघालेले, वाळा काळा पडलेला,
पाण्याची धार थेट खालच्या लुनाच्या सीटवर.
मुलगी गेली. बर्फ गेला.
तिरकं नाव राहिलं.
ते कुठून पुसायचं, सुगतलाही सापडेना.

अकरा उन्हाळे मी कूलर टिपते आहे.
पाचपावली, टेका नाका, लष्करीबाग, जरीपटका.
विटांवर चढवलेले, सायकलच्या ट्यूबने आवळलेले,
एक तर शाळेच्या बाकावर,
बाकावर कर्कटकाने कोरलेल्या बदामासकट.
चार हजार दोनशे.
त्याआधी एकतीस वर्षं मेडिकलच्या एक्स-रे विभागात.
श्वास घ्या. रोखा. सोडा.
माणसांशी एवढंच बोलणं.

पांढरी ठेव पार्श्वभूमी, सुगत म्हणतो, सगळे पांढरीच ठेवतात.
मी म्हणते, काळी.
उजेड फिल्मच्या मागे हवा, शेजारी नको;
आमचे डॉक्टर बाजूच्या पेटीचा दिवा आधी बंद करायला लावायचे,
मग चष्मा पुसायचे, मग बघायचे.
आणि एका पानावर चोवीस नकोत.
एका वेळी एक.
बाकीच्यांनी बाहेर बाकड्यावर बसावं.

फुकटातली जागा आहे एक,
पण प्रत्येक कूलरखाली चपलांची जाहिरात.
दुसरी देखणी. बोट लावलं की फोटो तरंगत येतो.
महिन्याचे सोळा डॉलर.
सुगतने गुणाकार करून दाखवला,
मी माझ्या पेन्शनचा भागाकार केला.
तिसरी स्वतः मांडायची, ओबडधोबड.
सगळं तुझंच आत्या, पण नळ गळला तर प्लंबरही तूच.

आई भाड्याची खोली पाहायला गेली की
नळ नाही, मोरी नाही,
आधी मागचं दार पाहायची.
सात खोल्या बदलल्या आम्ही.
टिमकीतल्या घरमालकाने दोन महिन्यांच्या भाड्यापोटी
आमची पत्र्याची पेटी ठेवून घेतली होती,
तिच्यात माझी सातवीची पुस्तकं.

म्हणून विचारलं:
मी पैसे भरायचे थांबले, तर?
सुगत बारीक इंग्रजी वर सरकवत गेला.
देखणी तीस दिवस ठेवते.
मग?
मग काही लिहिलं नाही.
आणि तिसरी?
तिच्यातून सगळं एका गठ्ठ्यात बाहेर काढता येतं. कधीही. कुणालाही.
कुणालाही म्हणजे तुलाही?
तो स्क्रीनकडेच पाहत राहिला.
तू काऊन असं बोलून राहिली आत्या?
काही नाही, म्हटलं. तिसरी घे.

विक्रीचं बटण झाकून टाकलं.
नावाच्या जागी माझं नाव बसेना,
ते कुठल्याशा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच घेतलेलं.
मग नुसतं 'वाळा'. तेही आकडा जोडून.
अडतिसावा फोटो चढत होता तेव्हा लाइट गेली.
पंख्याची पाती मोजता येतील इतकी मंदावली, थांबली,
टाकीत पाणी ठिबकत राहिलं.

रेवताबाई पदराने वारा घेत दारात आल्या.
कूलरचे फोटो कोन पायनार वं बाई?
मी मोबाइल पुढे केला. काळ्यावर त्यांची खिडकी.
त्यांनी जवळ धरला, लांब धरला,
बोट लागून तो मोठा झाला, तर दचकल्या.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या,
आधी सांगतलं असतं तं रंग मारला असता नं पत्र्याले.