करकोच्याची घंटा

बी पेरायचं ते बर्फावरच.
आईचा नियम. मार्चमधल्या भुसभुशीत बर्फावर
मोहरीएवढं, पण मोहरीहून चकचकीत काळं बी
भुरभुरायचं आणि विसरून जायचं.
वर माती लोटायची नाही. त्याला उजेड लागतो,
आणि उजेडाच्या आधी थंडी, भरपूर थंडी,
मगच ते कबूल करतं की आपण जिवंत आहोत.

सारेमा बेटावर थंडीला तोटा नाही.

पहिल्या वर्षी नुसती पानं,
तीन-तीनची, निळसर, कोथिंबिरीची थोरली बहीण शोभावी अशी.
पावसाचा थेंब त्यांवरून पाऱ्यासारखा पळतो.
मग पानाच्या आत अळी शिरते, पांढऱ्या रेघोट्या ओढते,
अक्षरओळख नसलेल्या पोराने पत्र लिहावं तशा.
मी एकतीस वर्षं टपालात होते.
असले पत्ते मी पोचवलेत.

दुसऱ्या वर्षी, मे सरता सरता, घंटा.
आमच्याकडे फुलाचं नावच ते: करकोच्याची घंटा.
मान खाली, पाठीमागे पाच आकडे,
आकड्यांच्या टोकाशी मध.
लांब जिभेचा भुंगा रीतसर दारातून येतो,
आखूड जिभेचा मागून भोक पाडून.
दोघांचंही पोट भरतं.

आईची होती गडद निळी. फक्त निळी.
कुंपणापलीकडे आर्वोची गुलाबी.
आर्वोशी मी बोलत नाही,
विहिरीच्या वाटेसाठी मोजणीदार येऊन गेला
त्या उन्हाळ्यापासून.
मोजणीचा नकाशा भुंग्यांना कोण दाखवणार?

यंदा माझ्या वाफ्यात
एक उमललं भलत्याच रंगाचं,
ब्लूबेरीच्या वाटीत दूध ओतल्यावर होतो तो.
आईने उभ्या उभ्या उपटलं असतं.
मीही गेले उपटायला. मूळ गाजरासारखं खोल,
निम्म्यात तुटलं.
फुलं माझ्या हातात, बाकीचं खाली तसंच.

फेकवेना.
हेरिंगच्या रिकाम्या बरणीत पाणी घालून
खिडकीत ठेवली,
रस्त्याकडच्या नव्हे, दुसऱ्या.

संध्याकाळी काचघरातल्या टोमॅटोंना पाणी घालून
आर्वो परतत होता. थांबला.
चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला.
बोलला काही नाही.
मीही पडदा ओढला नाही.

आता जुलै. बाकीच्या झाडांवर शेंगा वाळल्यात.
फूल जन्मभर खाली बघतं, शेंग मात्र वर तोंड करून उभी.
हलवली की खुळखुळते.
पाकिटावर रंग लिहायला पेन घेतलं,
थोडा वेळ तसंच धरलं,
मग नुसतं वर्ष लिहिलं.